एका ठिपक्याचे दोन ठिपके

आइसलँडच्या पूर्व किनाऱ्यावरील हेल्गुस्ताडिर येथील जुन्या खाणीतून निघणारा कॅल्साइट इतका निर्मळ असे, की युरोपातील प्रयोगशाळा दीर्घकाळ त्याच मुलखावर अवलंबून राहिल्या. तो कसाही फोडला तरी तुकडे तिरक्या पेटीच्या आकाराचेच पडतात, आणि प्रत्येक पृष्ठावर सुमारे ७८ व १०२ अंशांचे कोन आढळतात. असा तुकडा कागदावरील शाईच्या ठिपक्यावर ठेवावा, तर एकाच्या जागी दोन ठिपके दिसतात. तो जागच्या जागी हलके हलके फिरवावा, तर एक ठिपका आपली जागा सोडीत नाही आणि दुसरा त्याच्याभोवती प्रदक्षिणा घालू लागतो. कोपनहेगनचे अध्यापक एरास्मुस बार्तोलिन यांनी १६६९ मध्ये ही हकीकत जाहीर केली, आणि पदार्थविज्ञानाच्या दप्तरी असे एक प्रकरण दाखल झाले, की ज्याचा निकाल लागावयास दीड शतक जावे लागले.

काच, पाणी किंवा सैंधवाचा खडा यांतून प्रकाश कोणत्याही दिशेने गेला तरी त्याचा वेग एकच राहतो. हे समदिक् पदार्थ. कॅल्साइट असमदिक् आहे. सागाची फळी रेषांच्या अंगाने सहज चिरते आणि आडवी चिरू गेल्यास हटून बसते, त्याप्रमाणे या स्फटिकाची अंतर्रचनाही सर्व दिशांना सारखी नाही. कार्बन व ऑक्सिजन यांचे चपटे त्रिकोणी गट त्यात परस्परांना समांतर अशा थरांनी बसलेले असतात. प्रकाशाचे विद्युत्‌कंपन त्या थरांच्या प्रतलात होत असेल तर तेथील इलेक्ट्रॉन अधिक डोलतात व प्रकाश अधिक मंदावतो. थरांना लंब होत असेल तर कमी. पहिल्या कंपनाचा वक्रीभवनांक १.६५८, दुसऱ्याचा १.४८६, म्हणजे वेग सेकंदाला अनुक्रमे सुमारे १ लाख ८१ हजार आणि २ लाख २ हजार किलोमीटर. आत शिरलेला किरण म्हणूनच दुभंगतो: वक्रीभवनाचा सर्वसामान्य नियम पाळणारा तो साधारण, न पाळणारा तो असाधारण. एक इंच जाडीच्या तुकड्यात ते सुमारे पावणेतीन मिलिमीटरांनी दुरावतात. मात्र प्रकाशीय अक्षाच्या, म्हणजे थरांना लंब असलेल्या, दिशेने पाहिल्यास हा भेद उरत नाही, आणि ठिपका एकच दिसतो.

हायगेन्स यांनी १६९० च्या आपल्या ग्रंथात असाधारण तरंगाला चपट्या गोलाचा आकार देऊन त्याची वाट अचूक गणून दाखविली. तथापि एका तुकड्यातून निघालेले किरण दुसऱ्यात शिरताना, तो कसा धरला आहे त्यानुसार, कधी पुन्हा दुभंगतात आणि कधी नाही, याचा खुलासा आपणास सापडत नाही, असे त्यांनी मोकळेपणाने कबूल केले. ध्वनीप्रमाणे प्रकाशाचीही कंपने प्रवासाच्याच दिशेने होतात अशी त्यांची धारणा होती, आणि तशा लहरीला बाजू असणे शक्यच नाही. किरणाला बाजू असल्या पाहिजेत हे न्यूटन यांनी ओळखले. पण त्यांनी तीच गोष्ट तरंगवादाविरुद्ध हरकत म्हणून पुढे केली! निम्मे सत्य एकापाशी आणि निम्मे दुसऱ्यापाशी, असा हा वाद मला तरी विज्ञानाच्या इतिहासातील फार मनोरंजक वाद वाटतो. १८०८ मध्ये पॅरिसच्या लक्झेंबुर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवरून परावर्तित झालेला मावळत्या सूर्याचा प्रकाश मालुस यांनी कॅल्साइटमधून पाहिला, तेव्हा स्फटिक फिरविताना दोन प्रतिमा आळीपाळीने फिक्या पडत असल्याचे त्यांच्या ध्यानी आले. साध्या काचेवरून आलेल्या प्रकाशातही हा गुण आहे, तेव्हा तो केवळ स्फटिकाची करणी नव्हे, हे उघड झाले. प्रकाशाची कंपने प्रवासाच्या दिशेशी काटकोनात होतात, असे फ्रेनेल यांनी १८२१ मध्ये मांडले आणि निकाल लागला.

पुढे १८२८ मध्ये एडिंबरोच्या विल्यम निकोल यांनी कॅल्साइटचा खडा तिरका कापून तो कॅनडा बाल्सम या राळेने पुन्हा सांधला. राळेचा वक्रीभवनांक सुमारे १.५५, म्हणजे दोन्ही अंकांच्या दरम्यानचा, असल्यामुळे साधारण किरण सांध्यावरून संपूर्ण परावर्तित होऊन बाजूस जातो, आणि एकाच प्रतलात कंपन करणारा असाधारण किरण तेवढा पार होतो. सूक्ष्मदर्शकात आता निकोलच्या लोलकाऐवजी पोलरॉइड बसवितात, पण तजवीज तीच. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाची ०.०३ मिलिमीटर जाडीची चकती एकाच प्रतलातील कंपन पार जाऊ देणाऱ्या दोन काटकोनी ध्रुवकांमध्ये ठेवावी, म्हणजे फेल्स्पारच्या करड्या काड्या आणि पायरॉक्सीनचे रंगीत कण उजळतात व चकती फिरविताना पाळीपाळीने विझतात. काचेचा अंश मात्र समदिक् असल्यामुळे सर्वकाळ काळाच राहतो, आणि तो किती आहे व स्फटिक किती मोठे वाढले आहेत यावरून भूशास्त्रज्ञ तो पाषाण ज्या लाव्ह्यातून घडला त्याच्या थिजण्याची गती अजमावतात.