माणूस कामावर घेताना

पेणच्या गणपती कारखान्यांत हंगामाचं काम बहुतेक नगावर चालतं. नगाचा दर मालक-कारागीर आपसात ठरवोत, किमान वेतन त्या कामालाही लागू आहे. हजेरी आणि मजुरीची नोंद ठेवा. वाद झालाच तर तीच कामी येते. घरच्या कारखान्यात स्वतःचं मूल शाळा सुटल्यावर हात लावू शकतं, शेजाऱ्याचं चौदा वर्षांखालचं मूल नाही.

रोह्याजवळच्या धाटाव एमआयडीसीत खरा प्रश्न कंत्राटी कामगारांचा. ठेकेदाराने पगार थकवला तर तो कंपनीला भरावा लागतो. ‘माणसं ठेकेदाराची’ हे उत्तर चालत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या, तरी ही जबाबदारी कायम आहे. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत प्रत्येकाला नेमणूकपत्र द्यावं लागतं. काम सुटलं की दोन कामाच्या दिवसांत हिशेब चुकता करायचा.

सर्वांत गंभीर बाब उचलीची. पावसाळ्यात हाताला काम नसतं तेव्हा कातकरी कुटुंबं वीटभट्टी किंवा कोळसाभट्टीच्या मालकाकडून आगाऊ रक्कम घेतात आणि ती फिटेपर्यंत अख्खं घर राबतं. उचल देणं हा गुन्हा नाही. पण तिच्यापोटी माणसाला अडकवून ठेवणं, दुसरीकडे कामाला जाऊ न देणं, ही १९७६च्या कायद्यानुसार वेठबिगारी आहे. असा करार तोंडी असो वा कागदावर, तो रद्दच ठरतो आणि मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.