गामा आणि खंचनाळे : न लागलेली जोड
(तालमीची ओळख : लेखांक ९)

आमच्या बडोद्याच्या रावपुऱ्यात जुन्या मंडळींत कुस्तीचा विषय निघाला, की तो गामावर येऊन थांबतो. त्याचा दगड इथून फार लांब नाही. सयाजीबागेतल्या म्युझियममध्ये तो ठेवला आहे. २३ डिसेंबर १९०२ रोजी गुलाम मोहम्मद ऊर्फ गामा पहिलवानाने हा १२०० किलोचा दगड उचलला, असे त्यावर लिहिलेले आहे. आपल्या बाजारात किलो आले १९५८ साली, तेव्हा निदान तो आकडा तरी मागाहून घातलेला. दगड पुरता अधांतरी झाला की एका कडेवर उभा राहिला, यावर वाद घालता येईल. मला दुसराच हिशेब खुणावतो. गामाचा जन्म १८७८चा. म्हणजे बडोद्यात या दगडाला हात घातला तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता.

सीमाभागातल्या एकसंब्याचे श्रीपती खंचनाळे, कोल्हापूरच्या तालमीत घडलेले, १९५९ साली दिल्लीत बंतासिंगला हरवून पहिले हिंदकेसरी झाले. तेव्हा तेही चोविशीतच होते. मग या दोन चोविशीतल्या गड्यांची जोड लावली तर?

असा खेळ अमेरिकेत मुष्टियुद्धाचा झालेला आहे. मरे वोरोनर नावाच्या माणसाने १९६७ साली वेगवेगळ्या काळांतल्या हेवीवेट विजेत्यांची माहिती संगणकात भरून रेडिओवर लढती ‘लढवल्या’. त्यात हरवले गेल्याबद्दल मुहम्मद अलीने थेट दावा लावला. पुढे १९६९ मध्ये अली आणि कधीही न हरलेला रॉकी मार्सियानो यांना खरोखर रिंगणात उतरवून चित्रीकरण झाले, शेवटही एकाहून अधिक टिपले गेले. चित्रपट लागण्याआधीच मार्सियानो विमान अपघातात गेला. जानेवारी १९७० मध्ये अमेरिकेतल्या पडद्यावर तेराव्या फेरीत मार्सियानो जिंकला. युरोपातल्या प्रतीत अली.

संगणकाला ठोशांची संख्या सांगता येते. तांबड्या मातीची गोष्ट वेगळी आहे, आणि ती समजून घेण्यासाठी गामाचेच उदाहरण पुरे आहे. १० सप्टेंबर १९१० रोजी लंडनमध्ये गामा आणि पोलंडचा स्टानिस्लॉस झिबिस्को गादीवर भिडले. झिबिस्को बराच वेळ पोटावर पडून राहिला आणि गामाला तो काही केल्या उलटवता येईना. अडीच तासांहून जास्त वेळ गेला, कुस्ती बरोबरीत सुटली. हेच दोघे १९२८ च्या जानेवारीत पतियाळाला पुन्हा भेटले. दोघेही पन्नाशीला टेकलेले, पण या वेळी खाली माती होती. एक मिनिटही झाले नाही तोच झिबिस्को चीत! माणसे तीच. मग अडीच तासांचे एक मिनिट कसे झाले? वयाने झिबिस्कोचे अंग जड झाले असेल, हे खरे. पण मातीचा वाटा मला मोठा वाटतो. हौद्यातली माती घाम शोषते, अंग निसरडे राहत नाही, धरलेली पकड सुटत नाही. पाय रुततात, म्हणून चटकन खाली वाकून पट काढणे जड जाते. गादीवर नेमके उलटे होते. तिथे चपळाई, गुण आणि घड्याळ यांना किंमत येते. निकाली कुस्तीवर वाढलेला गडी दम राखून लढतो. आजच्या गादीवरच्या लढतीची सहा मिनिटे संपतात तेव्हा तो नुकता अंगात येत असतो.

खाशाबा जाधवांनी हे स्वतःच्या अंगावर भोगले. १९४८ साली लंडन ऑलिंपिकमध्ये गादी आणि आंतरराष्ट्रीय नियम त्यांना नवखे होते, सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीत, वरच्या वजनगटात, कांस्यपदक. म्हणूनच काल्पनिक जोड लावताना मला एक अट फार गरजेची वाटते. मल्लाला दुसऱ्याच्या काळात नेऊन सोडायचे असेल, तर त्याला तयारीचा अवधीही द्यायचा. १९०२चा गामा उद्या पहाटे गादीवर उभा केला आणि तो गुणांवर हरला, तर त्यातून गामाबद्दल काहीच कळत नाही.

गामा आणि खंचनाळे यांच्यात ती अडचण कमी आहे. दोघेही मातीचे, दोघांचीही भिस्त जोर-बैठकांवर, दुधातुपाच्या खुराकावर आणि उस्तादाच्या शब्दावर. पंजाब आणि कोल्हापूर यांत डावांची नावे बदलतील, माती तीच. शिवाय दोघांचे काळ एकमेकांना शिवून गेलेत. खंचनाळे हिंदकेसरी झाले तेव्हा गामा लाहोरला हयात होता. तो गेला १९६० मध्ये.

मन मात्र दोन्हीकडे ओढते. पुस्तकी उत्तर द्यायचे तर वेळेचे बंधन नसलेल्या कुस्तीत मी गामाच्या बाजूला उभा राहीन, कारण लांबलेल्या लढतीत त्याचा दम कसा टिकतो ते लंडनने पाहिले आहे. पण पहिल्या दहा मिनिटांत, गामा अंगात येण्याआधी, एकसंब्याच्या गड्याने पकड घेतली तर मी जागेवर बसून राहणार नाही. जोड लावायची ती बडोद्यातच. जुना नजरबाग राजवाडा आता उरला नाही, तेव्हा दगड ठेवलाय त्या सयाजीबागेत हौदा खणू, आणि पंचांना घड्याळ घरी ठेवून यायला सांगू.