स्वयंचलित गियरची गाडी उभी करतांना



मोटार चालविण्याचे धडे देणारे पुष्कळ असतात. ती उभी करण्याचे धडे देणारे थोडे. क्लच दाबण्याची यातायात नसलेल्या स्वयंचलित गियरच्या गाड्या आतां आपल्या शहरांत सर्रास दिसतात. परंतु त्यांच्याविषयीं एक गैरसमज रूढ झाला आहे. दांडा ‘पी’ या अक्षरावर नेला कीं गाडी पक्की उभी राहिली, असें अनेकांस वाटतें. आज या समजुतीचाच विचार करूं.

दांडा ‘पी’वर नेला म्हणजे होतें काय? गियरच्या पेटींत चाकांकडे गति नेणाऱ्या भागावर एक दातेरी चक्र असतें. त्याच्या खांचेंत एक लहानशी पोलादी खिटी पडते व चक्र अडकतें. म्हणजे हा ब्रेक नव्हे, ही कडी होय. दार आधीं लावावें आणि मग कडी घालावी, हाच क्रम येथेंहि लागू आहे. सपाट जागीं चूक लक्षांत येत नाहीं. पण शीवच्या किल्ल्याच्या टेकडीसारख्या चढउताराच्या जागीं, किंवा इमारतीच्या तळघरांत उतरणाऱ्या वाटेवर, हजार-बाराशे किलोंची गाडी त्या एका खिटीवर रेलते. मग पुन्हां निघतांना दांडा जड जातो आणि ‘खट्’ असा आवाज होतो. तसेंच गाडी पुरती थांबण्यापूर्वीं ‘पी’ लावल्यास खिटी दात्यांवर आपटून झिजते, प्रसंगीं मोडतेहि.

यासाठीं क्रम असा ठेवावा. पायानें ब्रेक दाबून गाडी पूर्ण थांबवावी. दांडा ‘एन’वर आणून हातब्रेक लावावा. मग पाय हलकेच उचलून गाडीचा भार हातब्रेकवर येऊं द्यावा. तो पेलला, अशी खात्री झाल्यावर पुन्हां ब्रेक दाबून दांडा ‘पी’वर न्यावा, आणि शेवटीं इंजिन बंद करावें.

उतारावर आणखी एक उपाय आहे. गाडी रस्त्याच्या डाव्या कडेला असतां तोंड उताराकडे असेल, तर पुढचीं चाकें डावीकडे, फुटपाथच्या कडेकडे वळवावीं. तोंड चढाकडे असून फुटपाथला उंच कड असेल, तर तीं उजवीकडे वळवावीं. कड नसल्यास डावीकडेच. गाडी सरकलीच तर ती कडेला अडेल, वाहत्या रस्त्यांत शिरणार नाहीं.

सर्व गाड्यांत ‘पी’ असतोच असेंहि नाहीं. जनरल मोटर्सनें १९४० सालच्या ओल्डस्मोबिल गाड्यांत ‘हायड्रामॅटिक’ गियर आणला, त्यांत तें अक्षर नव्हतें. इंजिन बंद करून दांडा उलट्या गियरवर ठेवीत. आपल्याकडे २०१४ सालीं मारुतीच्या सेलेरिओबरोबर प्रसार पावलेल्या ‘एएमटी’ पद्धतीच्या गाड्यांतहि बहुधा ‘पी’ नसतो. तेथें हातब्रेक लावून, ब्रेकवर पाय ठेवून, दांडा ‘डी’ किंवा ‘आर’वर असतांनाच इंजिन बंद करावें. ‘एन’वर सोडलेल्या गाडीला हातब्रेकवांचून दुसरा आधार उरत नाहीं. आपल्या गाडीची माहितीपुस्तिका यासाठीं एकदां तरी वाचावी.

हातानें दांडा हलविला म्हणजे तो योग्य जागीं बसलाच, असें धरूं नये. २०१६ सालीं फियाट क्रायस्लर कंपनीनें सुमारे ११ लाख गाड्या दुरुस्तीसाठीं परत बोलाविल्या. त्यांतील दांडा प्रत्येक वेळीं मूळ जागीं परत येई. त्यामुळें ‘पी’ लागला अशा समजुतीनें चालक खालीं उतरत आणि गाडी चालूं लागे. म्हणून उतरण्यापूर्वीं समोरच्या फलकावरील अक्षर डोळ्यांनीं पाहावें.

आपला १९८८ चा मोटार वाहन कायदाहि १२६ व्या कलमांत हेंच सांगतो. चालकाच्या जागीं परवानाधारक मनुष्य नसेल, तर यंत्र बंद करून ब्रेक लावलेला असावा, किंवा गाडी आपोआप हलणार नाहीं अशी अन्य तजवीज केलेली असावी. इमारतीच्या अंगणांत मुलें खेळतात आणि वृद्ध माणसें बसतात. मागून निःशब्द सरकत येणाऱ्या गाडीची चाहूल त्यांस लागत नाहीं. वरील साऱ्या क्रियांस अर्धा मिनिटहि लागत नाहीं. तेवढा वेळ चालकानें त्यांच्यासाठीं अवश्य द्यावा.