यूएसबी कार्ड मागवण्याआधी घड्याळ लावा

भारतात जाण्याआधी जुन्या डेस्कटॉपवरच्या एक टेराबाइट डेटाचा बॅकअप घ्यायचाय, आणि पोर्ट आहेत यूएसबी २.०. किती वेळ लागेल?

यूएसबी २.० चा कागदावरचा वेग सेकंदाला ४८० मेगाबिट. बिट, बाइट नव्हे! आठाने भागलं की उरतात ६० मेगाबाइट. प्रत्यक्षात मिळतात ३०-४०. म्हणजे कमीत कमी सात तास. २००८ मध्ये आलेल्या यूएसबी ३.० चा वेग ५ गिगाबिट. चांगली एसएसडी असेल तर सेकंदाला ४०० मेगाबाइटच्या आसपास, म्हणजे पाऊण तासात काम होतं.

रिकाम्या पीसीआय एक्स्प्रेस स्लॉटमध्ये यूएसबी ३.० चं कार्ड सहज बसतं. पण पहिल्या पिढीच्या स्लॉटची एक लेन २५० मेगाबाइटच्या पुढे जात नाही. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क साधारण १००-१५० वरच थांबते. आणि केबल २.० ची निघाली, तर पुन्हा ४०! साखळीतली सगळ्यात मंद कडीच वेग ठरवते.

म्हणून आधी मोजा. १० गिगाबाइटची एकच फाइल कॉपी करा आणि डिस्क इजेक्ट होईपर्यंतचा वेळ धरा. नाहीतर कॅशमुळे आकडा फुगतो. २५० सेकंद लागले, तर वेग ४० मेगाबाइट. कार्ड बसवल्यावरही तेवढेच लागले, तर आधी केबल बदलून बघा.