बरुंगा : थकीत वचनाची जत्रा

कॅथरीन गावातून स्टुअर्ट हायवेने दक्षिणेला निघायचं, पन्नासेक किलोमीटरवर डावीकडे वळायचं, की तिथून बरुंगा फार लांब नाही. ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरीतली ही वस्ती तीन-साडेतीनशे माणसांची. एरवी वाट वाकडी करून कुणी इथे यायचं नाही. जूनमध्ये राजाच्या वाढदिवसाची सुटी जोडून येते, तेव्हा मात्र मोकळ्या माळावर तंबूंचं गावच उभं राहतं. ज्यांनी ब्रिटनच्या राजाशी कधीच करार केला नाही, त्यांची जत्रा त्याच राजाच्या वाढदिवसाच्या सुटीत भरते. ही गंमत इथल्या माणसांच्या लक्षात आली नसेल, असं समजू नये.

ही जमीन जावॉइन या आदिवासी लोकांची. वस्ती मात्र सरकारने वसवलेली. जवळच्या तांडांगल इथे पाणी पुरेना म्हणून 1951 मध्ये माणसं इकडे हलवली. वेगवेगळ्या भाषांची कुटुंबं शेजारी आली आणि क्रिऑल ही मिश्र भाषा सगळ्यांची बोली झाली. सत्तरच्या दशकात इथल्या शाळेत ती शिकवायलाही लागले. तेव्हा गावाचं नाव बामयिली होतं. जूनमधला हा उत्सव सुरू झाला 1985 मध्ये.

जत्रेचा जीव खेळांत आहे. ऑस्ट्रेलियन पद्धतीच्या फुटबॉलचे सामने, बास्केटबॉल, भालाफेक, लाकडावर लाकूड घासून विस्तव पेटवण्याची चढाओढ. सावली धरून बायका पॅन्डॅनसच्या पात्यांच्या चटया आणि टोपल्या विणत बसतात. पॅन्डॅनस म्हणजे आपल्या केवड्याच्या कुळातलं झाड. पाती सोलायची, मुळांच्या रंगात उकळायची, वाळवायची, मग विणायची. पाहुण्यांनाही विणायला बसवतात, आणि दोन ओळी विणून होईपर्यंत टोपलीच्या किमतीवर घासाघीस करायची इच्छा मरते. डिजेरिडू हे वाद्य कोरून पोकळ करावं लागत नाही. निलगिरीचं खोड वाळवीनेच आतून खाल्लेलं असतं. जाणता माणूस खोडावर टिचकी मारून आवाज ऐकतो आणि तोडायचं की सोडायचं ते ठरवतो. रात्री संगीत असतं. दारूला अजिबात परवानगी नाही.

ही जत्रा देशाच्या इतिहासात गेली ती 12 जून 1988 ला. इंग्रजांचं पहिलं आरमार सिडनीला लागलं त्याला दोनशे वर्षं झाली म्हणून तेव्हा देशभर सोहळे चालू होते. त्या दिवशी पंतप्रधान बॉब हॉक बरुंगाला आले. उत्तरेचे गलारवुय युनुपिंगू आणि मध्य वाळवंटाकडचे वेंटेन रुबुंट्जा या दोन आदिवासी नेत्यांनी त्यांच्या हाती एक फलक दिला. मधोमध छापील इंग्रजी मजकूर: स्वयंनिर्णय, जमिनीचे हक्क, नुकसानभरपाई आणि करार. भोवती चित्रं: एकीकडे उत्तरेतल्या आर्नहेम लँडची बारीक आडव्यातिडव्या रेघांची, दुसरीकडे वाळवंटातली ठिपक्यांची. सरकारला अर्ज कागदावर लागतो, म्हणून मजकूर. जमीन कुणाची याची कागदपत्रं मात्र या लोकांकडे चित्रांतच असतात, म्हणून चित्रं.

हॉक यांनी करार करण्याचं वचन दिलं. तो झाला नाही. 1991 मध्ये पंतप्रधानपद सोडतानाचं अखेरचं काम म्हणून त्यांनी तो फलक कॅनबेराच्या संसद भवनात लावला आणि काम पुढे नेण्याची जबाबदारी मागून येणाऱ्यांवर सोपवली. त्याच वर्षी मांडावुय युनुपिंगू यांच्या योथू यिंदी या वाद्यवृंदाचं ‘ट्रीटी’, म्हणजे ‘करार’, हे गाणं देशभर वाजलं. मांडावुय हे गलारवुय यांचे धाकटे भाऊ.

सरकारने त्या वर्षी करार दिला नाही, सलोखा परिषद दिली. तिच्या कामातून बरंच काही चांगलं घडलं. 28 मे 2000 ला सिडनीच्या हार्बर ब्रिजवरून सलोख्यासाठी सुमारे अडीच लाख लोक चालले. तरीही सलोखा हा शब्द मला थोडा सोयीचा वाटतो. दोघांनी एकमेकांचं नुकसान केलं असेल तर सलोखा म्हणावं. इथे एकाने घेतलं आणि दुसऱ्याचं गेलं. गलारवुय यांनाही तसंच वाटलं असावं, कारण 2006 मध्ये त्यांनी तो फलक परत मागितला होता. खड्डा खणून पुरून टाकायला.

फलक भिंतीवरच राहिला. 2018 च्या उत्सवात टेरिटरीच्या सरकारने आणि आदिवासींच्या चार भूमी परिषदांनी कराराच्या तयारीचा मसुदा सह्यांनिशी मान्य केला. त्यातून आयोग नेमला गेला, पुढे तोही बंद झाला. 2023 च्या जूनमध्ये याच भूमी परिषदांनी बरुंगातून देशाला साद घातली: संसदेपुढे आदिवासींचं म्हणणं मांडणारी समिती राज्यघटनेत घालायला होकार द्या. ऑक्टोबरच्या सार्वमतात सुमारे साठ टक्के मतदारांनी नकार दिला. दुर्गम आदिवासी वस्त्यांच्या बहुतेक केंद्रांवर होकाराचं पारडं जड होतं.

जायचं असेल तर डार्विनहून कॅथरीनपर्यंत सव्वातीनशे किलोमीटरचा सरळ रस्ता आहे. जून हा कोरडा हंगाम. दिवसा ऊन लागतं, रात्री गारठा पडतो, तेव्हा पांघरूण सोबत हवं. कॅथरीनजवळची निटमिलुक घळही बघून घ्यावी. ती 1989 मध्ये जावॉइन लोकांना परत मिळाली.