कृष्णाकाठचा तांबेरा आणि त्याला दाद न देणारे सोयाबीन

महाबळेश्वरी उगम पावलेली कृष्णा वाई, कऱ्हाड, सांगली अशी वाटचाल करीत कर्नाटकात शिरते. पावसाळ्यात तिच्या काठाने प्रवास केलात, तर उसाच्या जोडीला सोयाबीनची हिरवी रानेही तुम्हाला दिसतील. सोयाबीन हे आपल्या तूर-मुगाच्याच शेंगवर्गातील पीक. शेंगा भरण्याच्या सुमारास यांतील एखाद्या रानाची खालची पाने पिवळी पडून गळू लागतात. पान उलटून बोट फिरवले की बोटाला तांबूस भुकटी लागते. हाच तांबेरा रोग.

हा रोग एका बुरशीमुळे होतो. 1994 सालापासून सातारा, सांगली, कोल्हापूर आणि लगतच्या बेळगाव, धारवाड भागात त्याने साथीचे रूप घेतले. पाने अकाली गळाली म्हणजे दाण्यांना अन्न पुरवणार कोण? शेंगा पोचट राहतात. साथ तीव्र असेल तर ऐंशी टक्क्यांपर्यंत नुकसान झाल्याच्या नोंदी आहेत.

हवेवर तरंगणारा शत्रू

बोटाला लागलेली भुकटी म्हणजे बुरशीचे बीजाणू. एका बीजाणूचा आकार साधारण 20 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा पन्नासावा भाग! एवढा लहान कण हवेतून कसा पडेल? दगडासारखा तो वेग वाढवीत पडत नाही. हवेच्या श्यानतेमुळे त्याला विरोध होतो आणि क्षणार्धात त्याचा वेग स्थिर होतो. स्टोक्सच्या नियमाने गणित केले तर हा वेग सेकंदाला जेमतेम 1.2 सें.मी. येतो. (बीजाणूची घनता पाण्याइतकी धरली आहे.)

आता असा बीजाणू 100 मीटर उंच गेला असे समजा. खाली यायला त्याला सुमारे सव्वादोन तास लागतील. तेवढ्यात ताशी 20 कि.मी. वेगाचा वारा त्याला 45 कि.मी. वाहून नेईल. कोल्हापूर ते सांगली हे सरळ रेषेतील अंतर याहून कमी आहे! प्रत्यक्षात हवेतील भोवरे त्याला वर-खाली नेतात, म्हणून हा केवळ अंदाज समजावा. पण शेताला कुंपण घालून हा रोग का थोपवता येत नाही, हे त्यावरून कळते. 2001 मध्ये दक्षिण अमेरिकेत आढळलेला हा रोग 2004 मध्ये अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत पोचला. ‘आयव्हन’ या चक्रीवादळाबरोबर त्याचे बीजाणू तिकडे गेले असावेत, असे शास्त्रज्ञ मानतात.

पण बीजाणू पानावर पडला म्हणजे रोग झालाच, असे नाही. तो रुजण्यासाठी पान निदान सहा तास ओले राहावे लागते आणि हवा 15 ते 28 अंश सेल्सिअसच्या दरम्यान असावी लागते. कृष्णाकाठी पावसाळ्यात दोन्ही गोष्टी सहज जुळून येतात. मग नऊ-दहा दिवसांत पानाखाली पुटकुळ्या येतात आणि त्या फुटून नवे असंख्य बीजाणू वाऱ्यावर निघतात.

रोगालाच कामाला लावले

बुरशीनाशक फवारता येते. पण त्याला पैसा लागतो आणि तेही वेळेवर फवारावे लागते. रोगाला दाद न देणारे बियाणेच मिळाले तर? असे रोप शोधायचे कुठे, हा खरा प्रश्न आहे. रोग नसलेल्या शेतात सगळीच रोपे निरोगी दिसतात! निवड करायची तर रोग हवा, आणि तोही दरवर्षी खात्रीने येणारा. म्हणजे कृष्णाकाठची जी आपत्ती, तीच संशोधकांची प्रयोगशाळा ठरली. सांगली जिल्ह्यातील कसबे डिग्रज येथे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे संशोधन केंद्र आहे. तेथे आणि बेळगाव जिल्ह्यातील उगार खुर्द येथे सोयाबीनचे वाण मुद्दाम तांबेऱ्याच्या तोंडी देऊन पारखले जातात. रोग सर्वत्र सारखा पसरावा म्हणून मध्ये मध्ये रोगाला सहज बळी पडणाऱ्या वाणाच्या ओळी पेरतात.

बळी पडणाऱ्या पानावर फिकट तपकिरी डाग पडून बीजाणूंचे पीकच येते. प्रतिकार करणाऱ्या पानावर मात्र लालसर तपकिरी, आटोपशीर डाग दिसतो. बुरशी शिरताच आजूबाजूच्या पेशी स्वतः मरून तिची कोंडी करतात. ही बुरशी जिवंत पेशींवरच जगते, त्यामुळे तिची उपासमार होते.

परदेशातून आणलेल्या संग्रहातील ‘ईसी-241778’ या वाणात असा प्रतिकार आढळला. त्याचा ‘जेएस-335’ या लोकप्रिय, पण तांबेऱ्याला बळी पडणाऱ्या वाणाशी संकर करून धारवाडच्या कृषी विद्यापीठाने ‘डीएसबी-21’ तयार केला. कसबे डिग्रजच्या केंद्रातून फुले अग्रणी (केडीएस-344), फुले संगम (केडीएस-726) आणि फुले किमया (केडीएस-753) हे तांबेऱ्याला तोंड देणारे वाण बाहेर पडले.

संकराला वर्षे का लागतात?

सोयाबीनचे फूल जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरचे, आणि स्वपरागित. कळी उमलण्यापूर्वीच चिमट्याने पुंकेसर काढून दुसऱ्या वाणाचे पराग कुक्षीवर ठेवावे लागतात. पुढच्या पिढ्यांत गुणांची सरमिसळ होते. आईबापांकडून वेगवेगळी आलेली जनुके पहिल्या संकरित पिढीत जितक्या जागी असतात, त्याच्या निम्म्या जागी दुसऱ्या पिढीत उरतात. प्रत्येक पिढीत हे प्रमाण निम्मे होते, अगदी किरणोत्सारी पदार्थाच्या अर्धायुष्यासारखे! सहाव्या पिढीत ते 1/32 वर येते, तेव्हा कुठे वाण स्थिर झाला म्हणायचे. प्रत्येक पिढीत उत्पन्न, दाणा आणि पक्व होण्याचा काळ हेही पाहावे लागते; रोगाला दाद न देणारे रोप उत्पन्नात सरस असेलच असे नाही.

लढाई संपली का?

नाही. बुरशीही बदलते. कोट्यवधी बीजाणूंपैकी एखादा जरी प्रतिकार भेदणारा निघाला, तरी त्याला मोकळे रान मिळते. म्हणून सगळीकडे एकच वाण पेरू नये. शिवाय ही बुरशी जिवंत पानाशिवाय टिकत नाही. उन्हाळ्यात बियाण्यासाठी सोयाबीन घेतले, तर एका पावसाळ्यातून दुसऱ्यात जायला तिला पूलच मिळतो. ब्राझीलमध्ये वर्षातील ठरावीक काळ शेतात सोयाबीनचे एकही जिवंत रोप ठेवू नये, असा नियम आहे. आपल्याकडे चांगले बियाणेही हवे आणि पूलही तुटायला हवा. या दोन गरजांचा मेळ कसा घालावा? वर्गात यावर चर्चा करून पाहा.

येत्या भाद्रपदात जवळच्या सोयाबीनच्या शेतात, शेतकऱ्याची परवानगी घेऊन, अवश्य जा. प्रत्येक रोपाचे अगदी खालचे पान उलटून भिंगातून पाहा आणि पांढऱ्या कागदावर हळूच घासा. कागदावर तांबूस रेघ उमटली, तर शेतकऱ्याला लगेच सांगा. रोग खालच्या पानांवर असतानाच कळला, तर फवारणीला वेळ मिळतो.