पहिले पान कोणाचे?

मीरा-भाईंदरमध्ये समुद्रकाठी चौक हे गाव आहे. तेथे धारावी नावाचा जुना किल्ला आहे. वसईच्या मोहिमेत, १७३९ साली, मराठ्यांनी तो पोर्तुगिजांकडून जिंकला.

समजा, तुम्हांला या किल्ल्याची माहिती हवी आहे. नुसते 'धारावी' लिहून संगणकावर शोध घेतला, तर मुंबईतील धारावी वस्तीची पानेच आधी दिसतील. 'धारावी किल्ला, चौक' असे लिहिणे बरे!

पानांचा हा क्रम कसा ठरतो? शोधयंत्र असंख्य पानांतील शब्दांची सूची आधीच करून ठेवते. तुमचे शब्द असलेली पाने ते निवडते. मग ते शिफारस पाहते. एका पानाने दुसऱ्या पानाचा दुवा देणे म्हणजे जणू त्याची शिफारस करणे. ज्या पानाला स्वतः अनेक शिफारशी मिळाल्या आहेत, त्याच्या शिफारशीला जास्त वजन असते. लॅरी पेज व सर्गे ब्रिन यांनी १९९८ साली ही पद्धत मांडली. तिच्यावरच 'गूगल' उभे राहिले. आता इतरही अनेक गोष्टी पाहिल्या जातात.

परंतु वरचे पान खरेच असते, असे नाही. काही लोक पैसे देऊन दुवे मिळवतात. म्हणून दोन-तीन पाने वाचा आणि माहिती पडताळून पाहा.